अबोला न धरता: बीजीपीचा पाचवा निरोप

नमस्कार मंडळी. बीजीपी म्हणजे इंटरनेटवरची नेटवर्कं 'कुठले पत्ते माझ्याकडून गाठता येतील' हे एकमेकांना सांगतात ती भाषा; असा प्रत्येक सांगावा म्हणजे रूट, आणि ज्याच्याशी बोलायचं तो समोरचा राउटर म्हणजे शेजारी. आधी माझी एक चूक सांगून टाकतो, कारण आजचा विषय तिथूनच निघतो. नोकरीची पहिली वर्षं, रात्रपाळी. एका ग्राहकाला पत्त्यांचा नवा ब्लॉक मिळाला होता, त्याच्यासाठी मी प्रिफिक्स लिस्टमध्ये, म्हणजे कुठले रूट आत घ्यायचे ते ठरवणाऱ्या फिल्टरमध्ये, एक ओळ वाढवली. ओळ बरोबर होती, तरी रूट काही दिसेना. दहा मिनिटं वाट पाहिली आणि टाइप केलं: क्लिअर आयपी बीजीपी, स्पेस, स्टार. एंटर.

त्या चांदणीचा अर्थ 'सगळे'. एका ग्राहकापायी राउटरवरच्या एकूण एक शेजाऱ्याचं सेशन, म्हणजे चालू बोलणं, मी पाडलं. फोन वाजायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

रूट का दिसत नव्हता? बीजीपी टीसीपीच्या १७९ नंबरच्या पोर्टवर चालतं. निरोप पोचवायचं काम टीसीपी चोख करतं, म्हणून बीजीपी प्रत्येक रूट एकदाच सांगतं. पुढे काही बदललं तरच बोलायचं, नाहीतर अधूनमधून नुसतं कीपअलाइव्ह: 'आहे हो मी.' ग्राहकाच्या राउटरने तो रूट आदल्याच दिवशी सांगितला होता आणि माझ्या जुन्या फिल्टरने तो फेकून दिला होता. चाळणी मी आज बदलली, पण कालचा कोंडा कधीच उकिरड्यावर गेला होता. शेजारी आपणहून पुन्हा कशाला सांगेल? त्याच्या लेखी सांगून झालं होतं.

सेशन तोडलं की सगळं नव्याने सांगावं लागतं, म्हणून काम होतं खरं. पण कुठल्या भावात? सेशन पडताच मी त्याचे सगळे रूट टाकतो, तो माझे टाकतो, आम्ही दोघं आपापल्या बाकीच्या शेजाऱ्यांना 'हे रूट गेले' म्हणून कळवतो, आणि थोड्या वेळाने तेच रूट परत सांगत सुटतो. समोरून पूर्ण इंटरनेटचं टेबल येत असेल, तर एकट्या आयपीव्ही४चे, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचे, रूट आज दहा लाखांच्या घरात आहेत. त्यात पलीकडे कुणी फ्लॅप डॅम्पिंग लावलेलं असलं, की 'हा सारखा वर-खाली होतो' म्हणून आपला रूट काही काळ वाळीत.

दुसरा उपाय होता सॉफ्ट रिकन्फिगरेशन इनबाउंड. शेजारी जे सांगेल ते चाळण्याआधी जसंच्या तसं मेमरीत ठेवायचं. फिल्टर बदलला की साठवलेलं पुन्हा चाळायचं. शेजाऱ्याला त्रास नाही. पण त्या काळातल्या राउटरची मेमरी ती केवढी, आणि तीत नाकारलेले रूटही सांभाळायचे.

सप्टेंबर २०००मध्ये एन्के चेन यांचा आरएफसी २९१८ आला. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारा दस्तऐवज; हा अगदी छोटा. तोवर बीजीपीच्या मुळात चार प्रकारचे निरोप होते: ओपन, अपडेट, नोटिफिकेशन आणि कीपअलाइव्ह. हा पाचवा, रूट रिफ्रेश. १९ बाइटचं नेहमीचं हेडर आणि मागे चार बाइट: दोन ॲड्रेस फॅमिलीचे, म्हणजे पत्त्यांच्या प्रकाराचे, एक राखीव, एक तिच्या पोटप्रकाराचा. एवढ्या २३ बाइटांत म्हणायचं, 'आयपीव्ही४ युनिकास्टचं तुझं सगळं पुन्हा सांग.' सेशन चालू, ट्रॅफिक चालू. कमांडमध्ये चांदणीच्या जागी त्या एका शेजाऱ्याचा पत्ता आणि पुढे 'सॉफ्ट इन'. त्या रात्री ही सोय माझ्या राउटरमध्ये होती. मला ठाऊक नव्हती.

ही क्षमता दोघांनी ओपन निरोपातच एकमेकांना सांगितलेली असावी लागते. म्हणून आधी 'शो आयपी बीजीपी नेबर्स' मारून बघा. सिस्को कंपनीच्या राउटरवर 'रूट रिफ्रेश: ॲडव्हर्टाइज्ड अँड रिसीव्ह्ड' दिसेल. पुढे कंसात 'ओल्ड अँड न्यू' आलं तर दचकू नका. मानक ठरण्याआधी सिस्को १२८ हा कोड वापरत असे, मानकात २ आला.

एक भोक मात्र राहिलं होतं. शेजारी पुन्हा सांगायला लागला, पण सुरुवात कुठली आणि शेवट कुठला हे कळायला मार्ग नव्हता. एखाद्या गडबडीने माझ्याकडे शिल्लक राहिलेला मेलेला रूट तसाच राहायचा. २०१४च्या आरएफसी ७३१३ने त्या राखीव बाइटला काम दिलं: ० म्हणजे मागणी, १ म्हणजे 'आता सुरू करतो', २ म्हणजे 'संपलं'. १ आला की त्या शेजाऱ्याच्या त्या फॅमिलीच्या सगळ्या रूटांवर शिळे असा शिक्का. पुन्हा सांगितला जाईल तो ताजा. २ आल्यावर जे शिळे उरतील ते बाहेर. चौदा वर्षं रिकाम्या बसलेल्या बाइटचा इतका नेटका उपयोग मी दुसरीकडे फारसा पाहिलेला नाही.

आणि मग आरपीकेआय आलं, रूट जाहीर करणारा त्या पत्त्याचा हक्कदार आहे का हे पडताळायची व्यवस्था. कोणता पत्ता कुणी जाहीर करायचा याच्या नोंदी दिवसभर बदलत असतात, आणि काही राउटर दर बदलाला साऱ्या शेजाऱ्यांना 'पुन्हा सांगा' म्हणू लागले. एक-दोनदा विचारलं तर शेजारी सांगेल; दिवसभर दार वाजवलं तर त्याचा सीपीयू कावणारच. डिसेंबर २०२२चा आरएफसी ९३२४ म्हणतो: आलेले रूट जवळ ठेवा, निदान पडताळणीत नाकारलेले तरी, आणि यासाठी शेजाऱ्याकडे जाऊ नका. म्हणजे ज्या साठवणीला कंटाळून रिफ्रेश आणला, ती फिरून दारात.

माझ्या राउटरांवर आता नाकारलेले रूट जपून ठेवलेले असतात. आणि चांदणीवाली कमांड कुणाच्याच लॉगिनला चालत नाही. माझ्याही.