मध्येच बोलणारा लेखक

नमस्कार श्रोतेहो.

आता पाहा, मी 'श्रोतेहो' म्हटलं आणि तुम्हाला त्यात काही खटकलं नाही. रेडिओवर चालतं हे. पण कादंबरी रंगात आलेली असताना लेखकानं मान वर काढून 'वाचकहो' म्हणायला सुरुवात केली, की आपण मनात म्हणतो, अहो, गोष्ट सांगा ना!

मीही तसंच म्हणायचे. जॉर्ज इलियट या पुरुषी नावानं लिहिणाऱ्या इंग्रज लेखिकेच्या 'मिडलमार्च' या कादंबरीची माझी कॉलेजातली प्रत अजून घरी आहे. तिच्या समासात मी जागोजागी पेन्सिलीनं उभी रेघ मारून 'भाषण' असं लिहून ठेवलंय. भाषण, म्हणजे परीक्षेला नाही, म्हणजे सोडून द्या.

इंग्रजी कादंबरीतली ही भाषणं तिच्या बाळपणापासूनची. हेन्री फील्डिंगची 'टॉम जोन्स' आली 1749 साली. तिचे 18 भाग, आणि प्रत्येक भागाचं पहिलं प्रकरण लेखकाच्या गप्पांचं. आपल्या नारदीय कीर्तनात आधी पूर्वरंगाचं निरूपण आणि मग उत्तररंगात आख्यान असतं ना, जवळपास तसंच. फक्त इथे बुवा अठरा वेळा पूर्वरंग लावतात! अगदी पहिल्याच प्रकरणात तो सांगतो की, लेखकानं स्वतःला घरी जेवायला बोलावणारा यजमान समजू नये, तो खानावळवाला आहे. घरी वाढलेलं पाहुणा मुकाट्यानं खातो. खानावळीत पैसे मोजणारा नाव ठेवणारच. तेव्हा आज काय शिजलंय ते आधीच सांगून टाकावं. आणि त्याच्याकडे शिजलंय काय? एकच पदार्थ, मनुष्यस्वभाव.

या मोकळेपणाची कमाल केली अँथनी ट्रोलपनं. 'बार्चेस्टर टॉवर्स', साल 1857. एलिनॉर नावाची तरुण, पैसेवाली विधवा. तिच्या मागे लागलेत दोघे: तेलकट बोलणारा पाद्री मिस्टर स्लोप आणि कर्जात बुडालेला बर्टी स्टॅनहोप. आता ही कोणाच्या जाळ्यात सापडते, या काळजीत आपण असताना, 15 व्या प्रकरणात ट्रोलप चक्क सांगून टाकतो: घाबरू नका, ती या दोघांपैकी कोणाशीच लग्न करणार नाही. पुस्तक तर अजून अर्धंही झालेलं नाही! त्याचं म्हणणं असं, की पात्रांनी एकमेकांना खुशाल फसवावं, पण लेखकानं वाचकाला फसवू नये. आणि गंमत म्हणजे पुस्तक खाली ठेववत नाही. कोणाशी लग्न होणार नाही ते कळलं की स्लोपची फजिती कशी होते, ते आपण निवांत बघतो.

कादंबरीकार हेन्री जेम्सला मात्र हे अजिबात सहन झालं नाही. 1884 मध्ये लिहिलेल्या 'कादंबरीची कला' या निबंधात त्यानं ट्रोलपला धारेवर धरलं. हे सगळं आपण रचतोय, वाटेल तसं वळवू शकतो, असं वाचकाजवळ कबूल करणं हा त्याला पवित्र कामाशी केलेला द्रोह वाटला. भयंकर गुन्हा असाच शब्द त्यानं वापरला. पुढे विसाव्या शतकात 'दाखवा, सांगू नका' हा जवळपास धर्मच होऊन बसला. (त्याच जेम्सच्या 1881 च्या 'पोर्ट्रेट ऑफ अ लेडी'त 'आपली नायिका' असं म्हणत तो स्वतः डोकावून जातो, पण ते असो.)

तर माझ्या पेन्सिलीच्या रेघा. त्यातली सगळ्यांत ठळक रेघ आहे 'मिडलमार्च'च्या 29 व्या प्रकरणाला. पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. डोरोथिया विशीच्याही आतली, काहीतरी थोर करायची तळमळ असलेली. तिनं लग्न केलंय कसोबनशी. तो पंचेचाळिशी ओलांडलेला, सगळ्या पुराणकथांचं मूळ उकलणारा ग्रंथ लिहीत बसलेला, आणि तो ग्रंथ काही पुरा होत नाही. आपण अर्थातच डोरोथियाच्या बाजूचे. प्रकरण सुरू होतं: लोविकला, म्हणजे कसोबनच्या घरी, येऊन काही आठवडे झाल्यावर एके दिवशी सकाळी डोरोथिया... आणि तिथेच, वाक्याच्या मध्यात, लेखिका स्वतःलाच अडवते. पण दर वेळी डोरोथियाच का? या लग्नाकडे बघायची फक्त तिचीच दृष्टी आहे का?

मग ती वळते कसोबनकडे. मिचमिचे डोळे, चेहऱ्यावरचे पांढरे मस, सगळ्यांना नकोसा वाटणारा हा माणूस. ती म्हणते, तोही तुमच्याआमच्यासारखाच आतून उपाशी होता. आणि पुढे सरळ 'मी' म्हणून सांगते, की मला तरी त्याच्याबद्दल फार वाईट वाटतं.

हे 'दाखवून' कसं जमलं असतं? कसोबन बिचारा स्वतःबद्दल असं कधी बोलला नसता. डोरोथियाला ते अजून उमगलेलं नव्हतं. आणि वाचक म्हणून आपल्याला त्याच्याकडे बघायचंच नव्हतं. आपली मान धरून तिकडे वळवायला कोणीतरी तिसरं माणूस हवं होतं. ते 1871-72 साली, हप्त्याहप्त्यानं निघणाऱ्या त्या पुस्तकात, लेखिका स्वतः झाली.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोरोथियाच्या वयाची होते. पुढे 48 व्या प्रकरणात कसोबन बागेतल्या लतागृहात दगडी टेबलावर हात टेकून बसलेला सापडतो. डोरोथिया हाक मारते, पण तो गेलेला असतो. तेव्हा मला, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं होतं. गेल्या पावसाळ्यात तीच प्रत पुन्हा काढली. आता मी कसोबनपेक्षाही मोठी आहे. 29 व्या प्रकरणाशी आले, खोडरबर शोधलं आणि 'भाषण' पुसायला घेतलं. कागद जुना, शब्द पुरता जाईना. त्या दगडी टेबलापाशी पोचले, तेव्हा पान उलटायला बराच वेळ लागला.