आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड बसवलं, तरी गेम अडकतोच?

[कॅमेऱ्यासमोर. टेबलावर उघडा कॅबिनेट.]

नमस्कार मंडळी. हा माझ्या मावसभावाचा पीसी. वर्षभर पैसे साठवून पठ्ठ्याने ४०७० घेतलं आणि पहिल्याच रविवारी फोन: "दादा, कार्ड खराब निघालं. सायबरपंक गेममध्ये बाजारात शिरलं की एसटी खड्ड्यातून चालल्यासारखं होतं." दुकानदार म्हणाला, ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, परत टाका. ड्रायव्हर तीनदा टाकून झाला.

कार्ड ठणठणीत आहे. दाखवतो.

[स्क्रीनवर: गेम, कोपऱ्यात आफ्टरबर्नर या मोजणी प्रोग्रॅमचे आकडे.]

१०८०पी, सगळं हाय. मोकळ्या रस्त्यावर जीपीयू युसेज, म्हणजे कार्ड किती टक्के कामात आहे, ९८. आता बाजारात शिरतोय... ८५... ७०... ५५. बघितलंत? फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, पडतायत आणि कार्डाचं कामही कमी होतंय. कार्ड दमलं असतं तर हा आकडा ९९ला चिकटून बसला असता. इथे ते हातावर हात ठेवून बसलंय. फक्त एक, व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारं सेटिंग) किंवा फ्रेम लिमिट लावलेलं असेल तर युसेज कमी दिसणारच. ते आधी बंद करा, नाहीतर उगाच डोकं खाजवत बसाल.

मग कार्ड वाट कोणाची बघतंय? प्रोसेसरची. लग्नघरात चार तवे तापलेत आणि पोळ्या लाटायला एकटी काकू, तसं. कोण कुठे चाललाय, कोण कुणाला धडकला, पडद्यावर काय काय काढायचंय, ही यादी प्रत्येक फ्रेमला आधी प्रोसेसर करतो, मग कार्ड रंगवतं. गर्दी वाढली की यादी लांबते. रे ट्रेसिंग, म्हणजे खऱ्यासारखा प्रकाश दाखवणारं सेटिंग, लावलं की आणखी.

भाऊ लगेच म्हणाला, "पण टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ४५ टक्केच दिसतोय की!" इथेच बहुतेक जण फसतात. त्याच्याकडे रायझन ५ ५६०० आहे, १२ थ्रेडवाला, म्हणजे एकावेळी बारा कामं चालवणारा. एक थ्रेड काठोकाठ भरला तरी एकूण आकड्यात तो जेमतेम ८ टक्के. गेमचा मुख्य थ्रेड अडला, की बाकीचे अकरा कितीही मोकळे असोत, काही उपयोग नाही.

खात्री करायचीय? डीएलएसएस (चित्र लहान काढून मोठं करणारं सेटिंग) परफॉर्मन्सवर टाका. कार्डाचं ओझं एकदम हलकं होतं. तरीही बाजारात फ्रेम तेवढ्याच, म्हणजे घोडं दुसरीकडे पेंड खातंय. फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डाने स्वतः बनवणं) लावून आकडा फुगवता येतो, पण माऊसचा जडपणा त्याने जात नाही, म्हणून तपासताना ते बंदच ठेवा.

आणि सरासरी एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम या आकड्यावर, तर अजिबात विसंबू नका. एका सेकंदात ११२ फ्रेम ८ मिलिसेकंदांनी आल्या आणि एकच फ्रेम १०० मिलिसेकंद अडकली, तर काउंटर ११३ दाखवणार, आणि हाताला मात्र दणका बसणार. म्हणून फ्रेम टाइमची, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेची, रेघ लावा. सपाट हवी. भावाची रेघ ईसीजीसारखी होती.

आता प्रोसेसर बदलायचा का? थांबा. माझ्या मते तो शेवटचा खर्च.

[क्लोज-अप: मदरबोर्ड.]

हे चार स्लॉट. त्यात रॅमची कांडी किती? एक. १६ जीबीची एकच. वर टास्क मॅनेजरच्या मेमरी टॅबमध्ये स्पीड २१३३. कांडीवरच्या स्टिकरवर छापलंय ३२००! विकत घेतल्यापासून बायॉसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम छापलेल्या वेगाने चालवणारं सेटिंग, कुणी लावलंच नाही.

हिशेब करू. एक कांडी २१३३ने सेकंदाला सुमारे १७ जीबी डेटा देते. दोन कांड्या, ड्युअल चॅनल, ३२००ने: ५१ जीबी. तिप्पट. बिचाऱ्या काकूला पीठच वेळेवर मिळत नव्हतं.

तर तशीच दुसरी कांडी आणली. बोर्डावर चार स्लॉट असतील तर बहुतेक वेळा प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा, पण बोर्डाचं मॅन्युअल उघडून बघा. दोन्ही बाजूंनी टक्क आवाज येईपर्यंत दाबा. चालू करताना डिलीट दाबत राहा, बायॉसमध्ये एक्सएमपी ऑन, सेव्ह, रीस्टार्ट. डीडीआर५ आणि एएमडी असेल तर तिथे एक्सपो असं नाव दिसेल.

नवा गेम पहिल्यांदा खेळताना, एखादी जागा पहिल्यांदाच दिसली की झटका आणि दुसऱ्यांदा नाही, असं होत असेल तर तो शेडर (पडद्यावर रंग-प्रकाश काढणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होण्याचा झटका. ड्रायव्हर बदलला की शेडर पुन्हा तयार होतात. म्हणजे तीनदा ड्रायव्हर टाकून भावाने स्वतःच झटके वाढवून घेतले होते.

[स्क्रीनवर: तोच बाजार.]

आता बघा, युसेज ८०च्या पुढे, रेघही बरीच सपाट. ऐन गर्दीत अजून थोडं पडतं, त्यासाठी क्राउड डेन्सिटी मीडियमवर आणली. गेल्या आठवड्यात कार्ड विकायला काढलं होतं त्याने. जाहिरातीसाठी फोटोही काढून झाले होते.