नासाऊ जहाज लागलं कधी?

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका जहाजाची तारीख लावायची आहे. जहाजाचं नाव नासाऊ. लंडनहून निघून ते अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीतल्या यॉर्क नदीत शिरलं. आत होते ह्युगेनॉट, म्हणजे फ्रान्समधून परागंदा झालेले प्रॉटेस्टंट. १६८५ साली फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने या प्रॉटेस्टंटांना उपासनेची मोकळीक देणारं नांतचं फर्मान रद्द केलं, त्यांची उपासना बंद पाडली आणि देश सोडायलाही मनाई केली. पळताना सापडलेल्या पुरुषांना गलबतांवर वल्ही मारायला धाडत. रातोरात निघालेली माणसं फ्रान्सच्या दप्तरात नावं कशाला नोंदवतील?

अमेरिकेत प्रवाशांच्या याद्या कायद्याने सक्तीच्या झाल्या १८२० पासून. तरी १७०० सालच्या काही याद्या हाती लागतात, कारण ह्युगेनॉटांना व्हर्जिनियाला नेण्याच्या मोहिमेला लंडनच्या मदतनिधीचा पैसा होता. पैसा आला की हिशोब आला, आणि हिशोबाबरोबर नावं!

पहिलं जहाज, मेरी अँड अ‍ॅन, २३ जुलै १७०० रोजी जेम्स नदीच्या मुखाशी पोचलं. दोनशेच्या वर माणसं होती. सप्टेंबरात पीटर अँड अँथनी आलं. नासाऊ मात्र ५ मार्चचं. मार्च कुठल्या सालचा? इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं. आपण ज्याला मार्च १७०१ म्हणू, तो त्यांच्या लेखी अजून १७००च. हे ध्यानात आलं नाही, तर मागून आलेलं नासाऊ सगळ्यांच्या आधी लागलेलं दिसतं. शक पाडव्याला बदलतो हे जाणणाऱ्या आपल्याला यात नवल वाटू नये. त्यातून इंग्लंड तेव्हा जुनीच दिनदर्शिका वापरायचं, म्हणून तिथली तारीख फ्रान्सच्या अकरा दिवस मागे असायची.

नावांचं तर विचारूच नका. कारकून कानाला पडेल तसं लिहायचा. काहींनी तर नाव स्वतःच बदललं. बॉस्टनला आलेल्या अपोलोस रिव्ह्वारने तसंच केलं, आणि त्याचा मुलगा, अमेरिकन स्वातंत्र्यलढ्यातला नायक, इतिहासाला ठाऊक आहे तो पॉल रेव्हिअर म्हणून.

आणि काही प्रवासांची यादीच नाही, नुसतं पत्र आहे. ज्युडिथ गितों ही ह्युगेनॉट मुलगी १६८५ च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅरोलायना वसाहतीला निघाली. आई जहाजावरच तापाने गेली. वाटेत बर्म्युडा बेटावर कप्तान तुरुंगात पडला, जहाज जप्त झालं. पैसे संपलेल्या भावंडांना दुसरं जहाज शोधावं लागलं. पोचल्यावर अठरा महिन्यांत एक भाऊही तापाने गेला. हे सगळं तिने दुसऱ्या भावाला लिहून कळवलं.