फॅट आणि डिग्री

[दृश्य: पहाट. संस्थेच्या दारात किटल्यांची रांग.]

निपाणी, चिक्कोडी, खानापूर भागात दूध संस्थेला सगळे ‘डेअरी’च म्हणतात. 1956 साली बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. 1963 मध्ये सीमेपलीकडं, महाराष्ट्रात, कोल्हापूरला जिल्हा दूध संघ निघाला. सीमेच्या अलीकडं, कर्नाटकात, 1974 मध्ये दुग्धविकास महामंडळ आलं, 1984 मध्ये त्याचा महासंघ झाला; तोच आजचा ‘नंदिनी’ दूधवाला. घडण दोघांचीही 1946 च्या, गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातली: गावात संस्था, जिल्ह्याला संघ आणि दर फॅटवर, म्हणजे दुधातल्या स्निग्धांशाच्या टक्क्यावर.

गवळी नुसत्या मापावर दूध घ्यायचा, तेव्हा म्हशीचं सात फॅटचं दूध आणि पाणी घातलेलं दूध एकाच भावानं जायचं. वैरण-पेंड नीट घालणाराच त्यात बुडायचा. हा अन्याय फॅटच्या नळीनं मोडला.

[दृश्य: टेबलावर नळी, अगदी जवळून.]

फॅट मोजायच्या गर्बर पद्धतीत नळीत आधी 10 मिलि गंधकाम्ल. मग नळीच्या कडेनं, सावकाश, 10.75 मिलि दूध. वर 1 मिलि अमाईल अल्कोहोल. दूध घाईनं ओतलं तर ते आम्लात जळतं आणि फॅटमध्ये काळे कण दिसतात. बूच लावून, नळी फडक्यात धरून हलवायची, कारण ती चांगलीच तापते. गुठळ्या पुऱ्या विरघळल्या की सेंट्रीफ्यूजमध्ये, म्हणजे नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, मिनिटाला 1100 फेरे, चार-पाच मिनिटं. मग 65 अंशांच्या पाण्यात ठेवून लगेच वाचायचं. नळी गार झाली की फॅट आकसतं, आकडा कमी येतो आणि फटका उत्पादकाला बसतो.

खरी गफलत मात्र त्याआधीच होते. किटली उभी राहिली की साय वर येते. वरचं दूध घेतलं तर फॅट चढतं, तळाचं घेतलं तर पडतं. तळापासून ढवळल्याशिवाय नमुना घेऊच नये.

डिग्री म्हणजे दुधाच्या घनतेचा आकडा; ती लॅक्टोमीटरवर, दुधात तरंगणाऱ्या काचेच्या मापकावर, बघतात. पाणी घातलं की ती उतरते, साय काढली की चढते. दोन्ही केलं तर डिग्री जुळून येते. ही चलाखी फॅटच पकडतं. उलट, ताज्या धारेच्या कोमट, फेसाळ दुधालाही डिग्री कमी लागते आणि सरळ माणसावर संशय येतो. फेस बसू द्यावा, दूध 27 अंशांवर आलं की मगच वाचावं.

आता मशीन मिनिटाभरात दोन्ही आकडे देतं. पण दुधाबरोबर आत बुडबुडे शिरले किंवा आतल्या नळीत दुधाचा थर साचला की तेही चुकतं. रोज गरम पाण्यानं धुवायलाच हवं. आकड्यावरून वाद झाला, तर सेक्रेटरीनं त्याच नमुन्याचं गर्बर सभासदासमोर लावावं, बिल त्यानंतर लिहावं.