चार्जरखालची जमीन

[दृश्य : झाडाच्या बुंध्याजवळ हवेच्या झोतानं खोदकाम. माती उडते, मुळं उघडी पडत जातात.]

हे खोदकाम आहे. पण इथे कुदळ नाही, जेसीबीही नाही. कॉम्प्रेसरमधून आलेली हवा अरुंद तोंडातून ध्वनीपेक्षाही जास्त वेगानं बाहेर पडते. मातीच्या कणांमधल्या फटींत ती घुसते आणि माती सुटी होऊन उडते. जिवंत मुळाला अशा फटी नसतात, म्हणून मूळ जागच्या जागी राहतं. हे अंगठ्याएवढं मूळ पाहा. त्याची साल शाबूत आहे. मुळाला फुटलेले केसासारखे तंतूही तसेच आहेत.

याच मुळांखालून आता एक पाइप सरकवतील. पाइपातून केबल जाईल आणि त्या केबलवर रस्त्याकडेला विजेच्या गाड्या चार्ज होतील.

[दृश्य : चार्जर. गाडीत प्लग खोचला जातो.]

विजेच्या गाडीला धुराडं नाही. रस्त्यावरची हवा सुधारायची तर ही गाडी हवी, आणि गाडी हवी तर चार्जरही हवेत. त्याबद्दल आमच्या मनात किंतु नाही. पण चार्जरची पेटी उभी राहायला हातभर जागा पुरते; जमीन फाडली जाते ती केबलसाठी.

[दृश्य : उघडा चर. कडेला तुटलेली मुळं.]

केबल साधारणपणे 60 सेंटिमीटर ते 1 मीटर खोल पुरतात. झाडाची बहुतेक मुळं असतात वरच्या 60 सेंटिमीटरमध्ये. म्हणजे चर खणला की तो मुळांमधूनच जाणार. झाड जितकं उंच तितकी मुळं खोल, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती आडवी पसरतात, फांद्यांच्या घेराबाहेरही बरीच लांब जातात. जाड मुळं झाडाला धरून ठेवतात. पाणी आणि क्षार ओढण्याचं काम मात्र दोन मिलिमीटरहून बारीक मुळांचं. चर खणताना पहिली जातात ती हीच, आणि कोणाच्या नजरेतही येत नाहीत.

झाडापासून किती लांब राहायचं, याचा एक सोपा हिशेब ब्रिटनच्या बांधकाम मानकात आहे. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर खोडाचा व्यास मोजा आणि त्याला 12 नं गुणा. खोड 50 सेंटिमीटरचं असेल, तर चहूबाजूंनी 6 मीटर जमीन राखायची.

मुळं तुटलेलं झाड लगेच वाळत नाही. काही वर्षांनी शेंडा सुकतो किंवा वादळात झाड आडवं होतं, आणि तोवर चर कुणी खणला हे विसरलेलं असतं.

[दृश्य : आडवं ड्रिलिंग करणारं यंत्र. तिरकी घुसणारी नळी.]

जिथे 6 मीटर लांब राहणं जमतच नाही, तिथे हे यंत्र कामी येतं. झाडांच्या रांगेच्या एका टोकाला एक खड्डा, दुसऱ्या टोकाला दुसरा. मधली जमीन उघडायचीच नाही. नळीचं तोंड तिरकं खाली जातं, मुळांच्या खालून आडवं सरकतं आणि पलीकडे वर येतं. वाटेत बेंटोनाइट मातीचा पातळ गारा सोडतात. त्यानं भोक ढासळत नाही आणि खरवडलेली मातीही बाहेर येते. मग भोक रुंद करत पाइप मागे ओढून घेतात. ओढ्याजवळ मात्र जपावं लागतं. दाब जास्त झाला तर हा गारा भेगांतून वर येतो आणि पाण्यात उतरतो.

[दृश्य : वेगवान चार्जरची रांग. मागे ट्रान्सफॉर्मर.]

सगळ्यात चांगली केबल ती, जी पुरावीच लागत नाही. 150 किलोवॅटचे चार चार्जर एकदम चालले की 600 किलोवॅट लागतात. एवढा भार जवळच्या साध्या लाइनला पेलत नाही. मग नवा ट्रान्सफॉर्मर, त्याचा ओटा, दुरून आणलेली जाड केबल. गाडी मात्र रात्रभर उभीच असते. 7 किलोवॅटचा चार्जर 8 तासांत 56 युनिट देतो, म्हणजे बऱ्याच गाड्यांची बॅटरी जवळपास पूर्ण भरते. लंडनमध्ये दिव्यांच्या खांबांवरच असे सावकाश भरणारे चार्जर बसवले आहेत. खांब आहे, त्यात वीज आहे. नवा चर कशाला? घाईचं चार्जिंग महामार्गावर लागतंच. तिथेही चार्जरसोबत मोठी बॅटरी ठेवली, की ती लाइनमधून सावकाश भरून घेते, आणि जाड केबलची गरज कमी होते.

[दृश्य : ड्रोनमधून वाहनतळ. गाड्यांवर सौर छत.]

महामार्गांवर सध्या घाई आहे. युरोपीय संघाच्या 2023 च्या नियमानुसार मुख्य महामार्गांवर दर 60 किलोमीटरवर वेगवान चार्जिंग हवं. अशा घाईत मोकळं गवताळ रान सोपं वाटतं. ते रिकामं नाही. कीटकांचं, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचं ते घर आहे. वर दिसतोय तो वाहनतळ पाहा. ही जमीन केव्हाच डांबराखाली गेलेली आहे. चार्जर इथे यायला हवेत. फ्रान्सनं 2023 मध्ये कायदा करून दीड हजार चौरस मीटरहून मोठ्या वाहनतळांच्या निम्म्या भागावर सौर छत सक्तीचं केलं. त्यातली एक सूट आम्हाला फार मोलाची वाटते : वाहनतळाच्या निम्म्या भागावर झाडांची सावली असेल, तर छताची सक्ती नाही.

[दृश्य : रात्र. पांढऱ्या दिव्याभोवती पाकोळ्या.]

दिव्यांचं काम त्यामानानं सोपं. निळसर पांढऱ्या उजेडाकडे कीटक जास्त ओढले जातात. पिवळसर दिवा लावावा, त्याचं तोंड खाली असावं आणि गाडी नसताना तो मंद व्हावा. एवढं स्टेशन बसवतानाच करता येतं.

[दृश्य : टेबलावर नकाशा. पेन्सिलीनं वर्तुळं काढली जातात.]

नकाशावर झाड म्हणजे एक ठिपका असतो. केबलची रेघ त्या ठिपक्याला वळसा घालून गेली, की काम निर्धोक वाटतं. म्हणून ठिपक्याभोवती आधी मुळांचं वर्तुळ काढायला हवं आणि रेघ नंतर ओढायला हवी. तेही निविदा निघण्यापूर्वी. निविदेत साध्या खोदकामाचाच दर लागला, तर कोणताही ठेकेदार हवेचा झोत किंवा आडवं ड्रिलिंग पदरमोड करून आणणार नाही.