कोल्हापूर: पहाटेपासून दूधकट्ट्यापर्यंत

कोल्हापूर एका दिवसात बघता येतं, पण तो दिवस पहाटेच सुरू करावा लागतो. इथल्या बऱ्याच गोष्टींना आपापली वेळ आहे. ती चुकली की जागा दिसते, गोष्ट निसटते.

सुरुवात अंबाबाईच्या मंदिरापासून. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला दर्शनाची रांग लांबते, म्हणून शक्यतो हे दिवस टाळा. पश्चिमेच्या महाद्वारातून आत या. देवीचं तोंडही पश्चिमेला आहे, आणि किरणोत्सव होतो तो त्यामुळेच. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीचं ऊन महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतं. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. दर वेळी हे पूर्ण होतंच असं नाही. क्षितिजावर ढग असले, हवेत धूळ आणि दमटपणा असला किंवा वाटेत एखादं बांधकाम आडवं आलं, की किरणं मध्येच विरतात.

दर्शन झालं की मिसळ. इथे तिच्याबरोबर लादीपावाऐवजी स्लाइस ब्रेड येतो. सगळा कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, एकदम ओतू नका. फरसाण दोन मिनिटांत मऊ पडतं आणि मटकीची चव हरवते. थोडा थोडा घ्या, हवा तेवढा परत मागा.

जुन्या राजवाड्याचा भवानी मंडप मंदिराला लागूनच आहे. तिथून चालत खासबाग हे कुस्तीचं मैदान गाठा. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली हे उभं राहिलं. मध्ये लाल मातीचा हौदा आणि भोवती गोलाकार चढत जाणारी बैठक. त्यामुळे शेवटच्या रांगेतूनही कुस्ती स्पष्ट दिसते. त्यानंतर टाऊन हॉल संग्रहालय. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती इथलीच. पंचगंगेच्या काठावरच्या या गावाचा समुद्रापारच्या व्यापाराशी किती जुना संबंध आहे, ते तिच्याकडे बघून कळतं. घाईत हे संग्रहालय गाळणारे फार, आणि असं गाळणं खरोखर वाईट.

दुपारी मटणाचं ताट. तांबडा आणि पांढरा, दोन्ही रस्से एकाच आळणीतून निघतात. आलं-लसूण, हळद आणि मीठ लावलेलं एक किलो मटण साधारण दोन लिटर पाण्यात शिजवतात. ते पाणी म्हणजे आळणी. पांढऱ्यासाठी तुपात लवंग, दालचिनी, वेलदोडे तडतडवून त्यात खसखस आणि काजूचं वाटण परततात, मग आळणी घालतात. नारळाचं दाट दूध सगळ्यात शेवटी, आच मंद करून. त्यानंतर उकळी फुटली की रस्सा फाटतो. आंबट काही पडलं तरी तेच होतं. तांबड्याला भाजलेलं सुकं खोबरं, तीळ आणि कोल्हापुरी चटणी, म्हणजेच कांदा-लसूण मसाला. रंग मुख्यतः ब्याडगी मिरचीचा. चांगला तांबडा नुसता जाळत नाही, त्यात खोबऱ्याची गोडी लागली पाहिजे. आधी पांढरा वाटीनं प्या, तांबडा भाकरीबरोबर घ्या. बहुतेक खानावळींत रस्सा पुन्हा वाढतात.

जेवणानंतर चपला. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. घेताना तळ उलटा करून बघा. अस्सल चपलेची शिवण चामड्याच्या वादीची असते, खिळे नसतात. किंचित घट्ट जोड निवडा, वापरानं चामडं सैल होतं. सुरुवातीला अंगठा आणि पट्टे काचतात, तिथे आतून थोडं खोबरेल लावा. पावसात मात्र घालू नका, भिजली की तळ फुगतो आणि शिवण उसवते.

उन्हं कलली की रंकाळा तलाव. सूर्यास्त बघून फार रेंगाळू नका, कारण गंगावेशीत दूधकट्टा भरलेला असतो. म्हशी तिथेच उभ्या असतात, समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात. फेस बसायच्या आत प्यायचं. हे दूध कच्चं असतं, म्हणून लहान मुलांनी, गरोदर बायकांनी आणि नाजूक पोटाच्या माणसांनी इथे पिऊ नये. त्यांच्यासाठी बाटलीत भरून न्या आणि मुक्कामी चांगलं उकळून द्या.