रेफरची चिठ्ठी

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्या भागात एक इंग्रजी शब्द असा काही रुळलाय की शाळेचं तोंड न पाहिलेली म्हातारीही तो बिनचूक वापरते. रेफर. म्हणजे पेशंटला पुढच्या, मोठ्या दवाखान्यात पाठवणं. "सुनेचं काय झालं वो?" "काई नाई बाप्पा, यवतमाळले रेफर केलं." चार दिवसांनी पुन्हा विचारा. "तिथून नागपूरले रेफर." एवढं ऐकलं की विचारणारा आजाराचं पुढे विचारत नाही. किती लागले, एवढंच विचारतो.

मी ३१ वर्षं आरोग्य सेवक होतो. त्यातली बरीचशी पांढरकवडा आणि झरी जामणीच्या पट्ट्यात, कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, गेली. हिवतापासाठी रक्ताच्या काचपट्ट्या घ्यायच्या, विहिरीत ब्लीचिंग टाकायचं, लसीचा डबा खांद्याला अडकवून ओढा ओलांडायचा. आणि रेफरच्या चिठ्ठ्या लिहायच्या. सही डॉक्टरसाहेबांची, पण नाव, वय, गाव लिहिणारा हात पुष्कळदा माझाच. तेव्हा आज जे बोलणार आहे त्यातून मी स्वतःला वगळलेलं नाही.

कागदावर आपली व्यवस्था देखणी आहे. सपाट भागात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगराळ आणि आदिवासी भागात हेच आकडे ३,००० आणि २०,०००. त्याच्या वर ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा रुग्णालय, मग जिल्ह्याचा मोठा दवाखाना, आणि अगदी वर नागपूरचं मेडिकल. जेवढा आजार तेवढी पायरी चढायची, असा हा जिना.

गंमत अशी की प्रत्येक पायरीवर नेमकी एकेक गोष्ट नसते. एका ठिकाणी इमारत नवी कोरी, पण डॉक्टर प्रशिक्षणाला गेलेले. त्याच्या वरच्या ठिकाणी डॉक्टर आहेत, भूल देणारा नाही, म्हणून सिझर होत नाही. त्याच्याही वर भूलतज्ज्ञ आहे, पण रक्ताची पिशवी नाही. खोटं कोणीच बोलत नाही. जो तो आपल्या जागी खरंच सांगतो की आमच्याकडे हे नाही. आणि बाईच्या कळा काही थांबत नाहीत.

पांढरकवड्याहून यवतमाळ ७० किलोमीटरच्या आसपास, नागपूर दीडशे. शहरातल्या माणसाला वाटेल, दीडशे म्हणजे काय, चांगला रस्ता आहे, तीन तास. पण आमच्या माणसाचा प्रवास हायवेवर सुरू होत नाही. तो सुरू होतो पोडावरच्या बाजेपासून. बाज चौघांनी उचलायची, पावसाळा असेल तर चिखलातून डांबरी रस्त्यापर्यंत आणायची, तिथं गाडीची वाट पाहायची. गडचिरोलीत भामरागडकडे पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि अख्खा तालुका तुटतो. तिथल्या गरोदर बायांना आधीच आरोग्य केंद्रात आणून ठेवायचं, त्यासाठी 'माहेरघर' नावाची सोय शासनाने केली. नाव गोड आहे. पण घरी दोन लेकरं, चार बकऱ्या आणि धान रोवणी सोडून आठ दिवस कोण येऊन बसणार?

२०१४ पासून १०८ ची गाडी आली आणि तिने जीव वाचवले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याबद्दल वाकडं बोलणार नाही. बाळंतिणीला तर परत सोडायलाही गाडी मिळते. बाकीच्यांना मात्र नेणारी गाडी फुकट, घरी यायचं ते आपल्या पैशाने. आणि माणूस तिथंच गेला, तर १०८ प्रेत नेत नाही. तेव्हा जी गाडी ठरवावी लागते तिचं भाडं फेडताना मी एका घराला दोन हंगाम पाहिलंय.

आता थोडा हिशेब करू. औषध फुकट, केसपेपर जवळपास फुकट. तरी माणूस कर्जात का जातो? कारण रुग्ण एकटा जात नाही. संगं दोघं लागतात, एक पेशंटजवळ बसायला आणि एक रक्ताच्या चिठ्ठ्या घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर पळायला. तिघांची मजुरी बुडाली. कापूस वेचणीचे दिवस असले तर ती मजुरी म्हणजे वर्षाचा तेल-मिठाचा आधार. मग बकरी निघते. आणि मंडळी, बाजारातली एक गोष्ट तुम्हाला सांगतो. घरात दवाखाना चालू आहे हे व्यापाऱ्याला कळलं की बकरीचा भाव तिथल्या तिथे पडतो. आजारी माणूस घासाघीस करत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

एक बाई आठवते. तिचा मुलगा तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेल. थंडी पडली की त्याचे हातपाय असे दुखायचे की तो अंगाचं मुटकुळं करून रडायचा. तालुक्याच्या गावात कोणी सांगितलं संधिवात, कोणी सांगितलं बाहेरचं आहे. एका ठिकाणी दर वेळी सलाईन लावून दोनशे-तीनशे घ्यायचे. पोराला दोन दिवस बरं वाटायचं, कारण त्या दुखण्यात अंगातलं पाणी वाढलं की आराम पडतोच. शेवटी आमच्या शिबिरात बोटातून रक्त काढून आधी साधी चाचणी केली, मग पक्की. सिकलसेल निघाला, रक्ताचा आनुवंशिक आजार. आई आणि बाप दोघांतही त्याचा अंश होता, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक लेकराला हा आजार येण्याची शक्यता चारात एक. विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट, कुठेही जा, हा आजार घरोघरी भेटेल. तरी त्याचं निदान व्हायला त्या पोराची नऊ वर्षं गेली.

त्या बाईजवळ बियाण्याची एक रिकामी थैली होती, आत मेणकापड घातलेली. त्यात सगळे कागद. मी एकदा ते खाटेवर पसरले. हिमोग्लोबिनचे सतरा रिपोर्ट. सतरा! प्रत्येक पायरीवाल्याने खालच्या पायरीच्या रिपोर्टवर विश्वास न ठेवता पोराचं रक्त पुन्हा काढलं होतं. ज्या पोरात रक्तच कमी, त्याचं.

या आजारात हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी खूप उपयोगी पडते. दुखण्याचे झटके कमी होतात, रक्त चढवायची वेळ कमी येते. गोळी आरोग्य केंद्रात असली तर ती बाई सकाळी निघून दुपारी परत शेतात. नसली तर गोळ्यांच्या एका पाकिटासाठी यवतमाळ. जुलै २०२३ मध्ये देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू झालं, त्याचं लक्ष्य २०४७ सालचं आहे. चांगलं आहे. ती बाई मात्र मला दर वेळी एकच विचारायची, "भाऊ, गुरुवारी गोळ्या येतीन काय?"

सापाचंही तेच. मण्यार रात्री भुईवर झोपलेल्या माणसाला चावते, कधी कधी कळतसुद्धा नाही. पहाटे पापण्या जड होतात, मग श्वास. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारं इंजेक्शन आरोग्य केंद्रात असतं, पहिला डोस दहाएक बाटल्यांचा. पण ते देताना रिॲक्शन येऊ शकते, म्हणून नवखा डॉक्टर घाबरतो आणि चिठ्ठी लिहितो. आमच्याकडे एक बाई डॉक्टर आल्या होत्या, बंधपत्राची नोकरी, म्हणजे शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा, वय जेमतेम पंचवीस. त्यांनी एका रात्री मला फक्त एवढं म्हटलं, "काका, आधी इथं लावू, मग गाडी बोलवू." आणि खुर्ची ओढून खाटेजवळ बसल्या. गाडी आली तेव्हा निम्म्या बाटल्या पोटरीतल्या विषाशी भिडल्या होत्या. तो माणूस आज ऑटो चालवतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. १९९५ पासून ३९ गावांत त्यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळ कसं पाहायचं ते शिकवलं. श्वास मोजायचे, मिनिटाला साठ किंवा जास्त झाले तर धोका. वजन करायचं, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही द्यायचं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झालेला दिसला, आणि १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११ पासून देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी सहा-सात वेळा जातात, त्याचं मूळ तिथं आहे. बाळाला जिना चढायला लावला नाही, औषधच खाली आणलं. आणि ते आणणाऱ्या आशाताईला आपण अजून पगार देत नाही, थोडं मानधन आणि कामागणिक मोबदला देतो. हे मला तरी पटलेलं नाही.

तुमच्या हातात कधी ती चिठ्ठी पडली तर लाजू नका, तिथंच उभं राहून विचारा: वरच्या दवाखान्यात फोन केला काय, तिथं आज तो डॉक्टर आहे काय, आणि आतापर्यंत कोणतं इंजेक्शन दिलं ते या कागदावर लिहून द्या. मी लिहिलेल्या चिठ्ठ्यांवर हे बहुतेक वेळा कोरं असायचं.

ती थैलीवाली बाई मागच्या दिवाळीच्या आधी बसस्टँडवर भेटली. पोरगा तिच्यापेक्षा उंच झालाय. थैली तीच, मेणकापड नवं. म्हणाली, यवतमाळला या खेपेस डॉक्टरनं रक्त तपासून तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या. मग पदरानं थैलीचं तोंड आवळलं आणि झरीच्या गाडीकडे जाता जाता मागे वळून म्हणाली, "आता कापूस सरेपर्यंत येनं नाई."